पहिलं कधी झालं, दुसरं होणार का?

पहिलं मूल लवकर झालं की पुढं घर भरतं, उशिरा झालं की एकावरच थांबतं, असं आपण धरून चालतो. याच हिशोबावर 2007 साली सातारा जिल्हा परिषदेने एक स्कीम काढलेली, नाव ऐकून हसू येईल, हनिमून पॅकेज! लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवला तर पाच हजार, तीन वर्षं थांबलात तर साडेसात हजार.

हिशोब साधा होता. अठराव्या वर्षी पहिलं झालं की पुढं वीसेक वर्षं मोकळीच, मग तिसरं, चौथं. शिवाय पिढ्याही भराभर वाढतात, विसाव्या वर्षी आई होत गेल्या तर शंभर वर्षांत पाच पिढ्या, पंचविसाव्या वर्षी होत गेल्या तर चारच.

पण आता हा हिशोब इथं तितकासा बसत नाही. साताऱ्यातल्या माण-खटावकडच्या एखाद्या आशाताईंचं, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेचं, जोडप्यांचं रजिस्टर उघडून बघा, विशीत पहिलं, दोनतीन वर्षांनी दुसरं आणि पंचविशी-सव्विशीत मुलं बंद करायचं ऑपरेशन, संपला विषय. राज्यात लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे (पुरुषांचं विचारूच नका). 2019-21 च्या सर्व्हेत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली, लोकसंख्या आहे तेवढी राहायला 2.1 लागतात. म्हणजे लवकर सुरुवात झाली म्हणून घर भरतंच असं नाही राहिलं.

हां, दोन्ही मुलीच झाल्या तर गोष्ट वेगळी. याच साताऱ्यात 2011 मध्ये नकुशा, म्हणजे नकोशी, अशा नावाच्या दोनशेहून जास्त मुलींची नावं बदलावी लागली, तिथं आईचं वय किती होतं याला काय अर्थ, मुलगा होईपर्यंत चालूच.

आता दुसरं टोक बघा. कराडची, सांगलीची पोरगी शिकते, पुण्यात जॉबला लागते, लग्न तिशीला, पहिलं बाळ तेहतीसला. मग नातेवाईक सुरू, एकाला एक हवंच गं. तिलाही हवं असतं बरं का, करिअरवाल्या पोरींना नकोच असतं हे आपणच पसरवलंय. पण सिझर झालेलं, डॉक्टर म्हणतात बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं तरी जाऊ द्या, बाळाला सांभाळायला सासूबाई गावी नि आईचे गुडघे गेलेले, असं करता करता छत्तीस लागतं. स्त्रीबीजं जन्मालाच ठरलेली असतात, नवीन तयार होत नाहीत, पस्तिशीनंतर ती झपाट्याने कमी होतात आणि गर्भपाताची शक्यता वाढत जाते. पहिलं सहज राहिलं म्हणून दुसरंही राहील असं धरून चालता येत नाही.

मग आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, आहेच की, असं सगळे म्हणतात. पण स्वतःचंच स्त्रीबीज वापरायचं तर चाळिशीजवळ त्याचाही फार जोर चालत नाही, आणि हे सेंटरच्या बोर्डावर कुठं लिहिलेलं असतं, तिथं नुसतं गुबगुबीत बाळ नि खाली हप्त्यांची सोय.