आजारपणात ईएमटीचं प्रमाणपत्र कसं टिकवायचं

अमेरिकेत रुग्णवाहिकेवर काम करणारे ईएमटी (तातडीची मदत देणारे प्रशिक्षित कर्मचारी) आणि त्यांच्याहून वरच्या पातळीचे पॅरामेडिक स्वतः आजारी पडले की त्यांच्या प्रमाणपत्राचं काय होतं, हा आजचा विषय आहे. केमोथेरपी असो की मणक्याचं ऑपरेशन, माणूस सहा-आठ महिने घरी बसतो. घरचे औषधपाण्यात गुंतलेले असतात आणि मुदतीची तारीख कुणाच्या डोक्यातही नसते.

तीन कागदांची गल्लत फार होते, म्हणून ते आधी वेगळे करू. नॅशनल रजिस्ट्री या देशपातळीवरच्या संस्थेचं प्रमाणपत्र म्हणतं, याला काम येतं. राज्याचा परवाना म्हणतो, याने काम करायला हरकत नाही. आणि नोकरीवरचा फिटनेस दाखला म्हणतो, आज याच्या अंगात ते करण्याची ताकद आहे. डॉक्टरांच्या पत्राचा उपयोग मुख्यतः तिसऱ्यासाठी. त्या पत्रामुळे पहिल्या दोन कागदांची मुदत आपोआप पुढे जात नाही. परवाना टिकवायला रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र चालू लागतं की नाही, हे राज्याराज्यांत वेगळं असतं. ते राज्याच्या ईएमएस (आपत्कालीन वैद्यकीय सेवा) कार्यालयातच विचारा.

रजिस्ट्रीचं चक्र 2 वर्षांचं, आणि ईएमटी व पॅरामेडिकसाठी ते 31 मार्चला संपतं. तेवढ्यात ईएमटीला 40 तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं: 20 राष्ट्रीय पातळीवर ठरवलेल्या विषयांचे, 10 स्थानिक पातळीवर ठरवलेले, 10 स्वतःच्या निवडीचे. पॅरामेडिकला 60 लागतात, 30-15-15 अशी वाटणी. तास एकूण भरले पण वाटणी चुकली, तर अर्ज अडकतो. दुखण्यातून उठलेला माणूस घाईत सोपे कोर्स उरकतो, आणि राष्ट्रीय भागातला एखादा विषय नेमका राहून जातो.

काम थांबलेल्यांसाठी ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ दर्जा आहे. त्याबद्दलचा गैरसमज महागात पडतो. इनअ‍ॅक्टिव्ह म्हणजे तासांतून सुटका नव्हे. तास भरावेच लागतात. सवलत मिळते ती प्रत्यक्ष कौशल्यं तपासून घेण्यापासून, कारण त्यावर सही करायला तुमच्या मागे कुठली रुग्णवाहिका सेवाच नसते. पुन्हा कामावर येताना ती तपासणी होते.

तास भरणं झेपत नसेल तर परीक्षा देऊन नूतनीकरण करता येतं. पण संधी एकच. म्हणून ती मार्चच्या शेवटावर ढकलू नका. आधी दिली आणि नापास झालात, तरी तास भरून प्रमाणपत्र वाचवायला वेळ उरतो.

नोकरीचा हिशेब निराळा. 1993 च्या एफएमएलए या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्याने 12 महिन्यांत 12 आठवडे बिनपगारी रजा मिळते, नोकरी सुरक्षित ठेवून. अटी अशा: तिथे 12 महिने नोकरी झालेली हवी, मागच्या 12 महिन्यांत 1250 तास काम केलेलं हवं, आणि 75 मैलांच्या परिसरात त्या मालकाचे 50 कर्मचारी हवेत. त्या संरक्षणाचा प्रमाणपत्राच्या तारखेशी काहीएक संबंध नाही. रजा मंजूर झाली की सगळंच मार्गी लागलं असं लोक धरून चालतात, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. जागा राखलेली असते, प्रमाणपत्र मात्र संपलेलं असतं.

परतताना डॉक्टरांना ‘कामास योग्य’ एवढंच लिहू देऊ नका. कामाचं लेखी वर्णन त्यांच्यापुढे ठेवा. ईएमटीच्या प्रचलित वर्णनात 125 पौंड, म्हणजे जवळपास 57 किलो, एकट्याने उचलणं धरलेलं असतं. टाके भरले म्हणून पाठ स्ट्रेचर पेलेलच असं नाही.

आणि सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छातीवर दिले जाणारे दाब) मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर करून बघा, तेही खोली मोजणारं यंत्र लावून. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक दाब 5 ते 6 सेंटिमीटर. आजारातून उठलेल्याचा वेग सहसा टिकतो. कमी होते ती खोली. थकवा जाणवायच्या आधीच ती घसरते, म्हणून स्वतःच्या अंदाजावर जाऊ नका. सलग 2 मिनिटं करा, जोडीदाराला 2 मिनिटं द्या, पुन्हा 2 मिनिटं करा. दुसऱ्या फेरीत आकडा 5 च्या खाली गेला, तर अजून काही आठवडे थांबा.