फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर कॅमेरा

दृश्य: नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत, पहिल्या पाळीची वेळ. दुचाकी, कंपनीच्या बस, गेटवर पंचिंगची रांग.

एआय माणसांच्या नोकऱ्या घेणार का, हा प्रश्न इतका मोठा करून विचारला जातो की उत्तराला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. म्हणून आपण इथे एकच काम बघणार आहोत. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर या पट्ट्यात गाड्यांचे आणि स्विचगियरचे (विजेच्या स्विच-ब्रेकरचे) सुटे भाग बनतात. त्यातल्या बहुतेक कारखान्यांत एक टेबल असतं, फायनल इन्स्पेक्शनचं. कॅमेरा आणि एआय यांना कारखान्यात शिरायला सगळ्यात सोपं दार हेच आहे. दारापलीकडे काय होतं, ते नीट समजून घेऊ.

दृश्य: टेबलावर ॲल्युमिनियमचं डायकास्ट हाउसिंग, म्हणजे साच्यात ओतून बनवलेलं कवच. फक्त हात दिसतात.

हा जॉब, म्हणजे तपासायचा भाग, कास्ट होऊन, मशीनिंग होऊन, धुऊन आला आहे. तपासणारी मुलगी आधी कापडाने कूलंटचा, म्हणजे मशीनिंगच्या वेळी वापरलेल्या थंड करणाऱ्या द्रवाचा, ओलावा टिपते. मग जॉब ट्यूबलाइटखाली धरून मनगट हळूहळू फिरवते. फिरवायचं कारण असं की सीलिंगच्या चकचकीत पृष्ठभागावरचं ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमध्ये हवेने राहिलेलं छिद्र, सरळ बघितलं तर दिसत नाही. प्रकाश एका विशिष्ट कोनात पडला की ते काळ्या टिंबासारखं उठतं. ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारं रबरी कडं, जिथे बसते तिथे असं छिद्र राहिलं, तर भाग गाडीत बसल्यावर तेल झिरपतं. त्यानंतर अंगठा कडेवरून फिरतो. बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेला धातूचा बारीक काटा, राहिली असेल तर ती डोळ्याआधी अंगठ्याला कळते. मग माप तपासायचा प्लग गेज: त्याची ‘गो’ बाजू बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल भोकात, जायला हवी, ‘नो गो’ बाजू अडायला हवी. रंगाचा ठिपका, ट्रे, पुढचा जॉब. एका जॉबला दहा-पंधरा सेकंद, आणि हेच आठ तास.

लांबून बघणाऱ्याला हे काम किरकोळ वाटतं. पण या दहा-पंधरा सेकंदांत तीन वेगवेगळी कामं झाली: बघणं, चाचपणं आणि मोजणं. यंत्र ही तिन्ही एकदम घेत नाही. आधी घेतं ते बघण्याचं काम.

आणि ते यंत्राला का द्यावंसं वाटतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. क्वचितच दिसणारी गोष्ट सतत शोधत राहण्यात माणूस कमी पडतो. 1948 साली नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकायचा आणि मधूनच दुप्पट उडी मारायचा. ती उडी टिपणं एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटायला लागल्या. यात आळशीपणा कुठेच नव्हता. नाइट शिफ्टला पहाटे चार वाजता तपासणाऱ्याच्या हातून एक जॉब निसटतो, तेव्हा मेमो त्याला मिळतो. पण दोष त्या कामाच्या रचनेचा असतो.

दृश्य: कन्व्हेयर, वर कॅमेरा, गोल लाइट, बाजूला छोटा कंट्रोल पॅनेल.

आता कॅमेऱ्याचं स्टेशन बघू. सेन्सरसमोर जॉब आला की सिग्नल पीएलसीकडे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरकडे, जातो, पीएलसी लाइट आणि कॅमेरा एकाच क्षणी चालू करतो. फोटो शेजारच्या कॉम्प्युटरवर जातो, तिथलं एआय मॉडेल ‘ओके’ किंवा ‘एनजी’ (नॉट गुड, म्हणजे खराब) ठरवतं आणि एनजी जॉबला हवेच्या दाबावर चालणारा पुशर लाल पेटीत ढकलतो.

हिशेब साधा आहे. कॅमेरा 5 मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे 2448 पिक्सेल. जॉबची रुंदी 60 मिलिमीटर. भागाकार केला तर एका पिक्सेलवर सुमारे 0.025 मिलिमीटर येतात. एका पिक्सेलच्या डागावर कुणी निर्णय घेत नाही. किमान तीन-चार पिक्सेल लागतात. म्हणजे साधारण 0.1 मिलिमीटरपर्यंतचा दोष पकडता येतो. कन्व्हेयर सेकंदाला 200 मिलिमीटर पळत असेल, तर सेकंदाचा दहा हजारावा भाग एवढ्याच वेळात फोटो निघायला हवा. तेवढ्या वेळात जॉब 0.02 मिलिमीटर सरकतो, एका पिक्सेलपेक्षा कमी. यापेक्षा जास्त वेळ घेतला की छिद्राची रेघ दिसायला लागते.

खरी कारागिरी मात्र लाइटमध्ये आहे. मघाशी मनगट जे करत होतं, ते इथे दोन-तीन लाइटना वाटून द्यावं लागतं. खरचटा दिसण्यासाठी जवळजवळ आडवा पडणारा प्रकाश, चकचकीत भागासाठी घुमटासारखा पसरट प्रकाश, कडेचा आकार बघायला मागून प्रकाश. लाइट चुकला तर मॉडेल कितीही महागडं असो, त्याला दोष दिसतच नाही. पैसे मॉडेलवर जातात आणि लाइटवर वाचवले जातात, अशी स्टेशनं पुढे कोपऱ्यात झाकून ठेवलेली सापडतात.

अडचण कुठे येते? एप्रिलमध्ये तेलकट धुळीने कॉम्प्युटरच्या पंख्याची जाळी बुजते आणि तो तापून बंद पडतो. पावसाळ्यात लेन्सवर बाष्प धरतं. कूलंटचा पातळ थर राहिला तर तो चमकतो आणि मॉडेल त्याला खरचटा समजतं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर ऊन येतं, तेव्हा सकाळी चोख चालणारं स्टेशन चांगले जॉब फेकायला लागतं. मशीनवरचा इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, बदलला की पृष्ठभागावरच्या बारीक रेषा बदलतात. मॉडेलने त्या कधी पाहिलेल्या नसतात. म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मास्टर पीस चालवून बघावे लागतात: ठरवून ठेवलेले काही चांगले, काही मुद्दाम जपलेले खराब. एक खराब मास्टर जरी ओके म्हणून निघून गेला, तरी लाइन थांबवायची आणि मागच्या पाळीचा माल अडवून ठेवायचा. हे काम माणूसच करतो.

आता लाल पेटीकडे या, कारण नोकरीचा प्रश्न तिथे पडून आहे.

दृश्य: कुलूप असलेली लाल पेटी, आत जॉबचा ढीग.

समजा एका पाळीत 6000 जॉब निघतात आणि त्यात अर्धा टक्का, म्हणजे 30, खरोखर खराब आहेत. कॅमेऱ्याने तीसच्या तीस पकडले, पण 2 टक्के चांगले जॉबही चुकून फेकले. म्हणजे आणखी सुमारे 120. पेटीत झाले 150 आणि त्यातले 120 चांगले. प्रत्येक जॉब पुन्हा बघायला अर्धा मिनिट धरलं, तर सव्वा तास लागतो. चुकून फेकण्याचं प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं, तर हेच काम पाच तासांच्या पुढे जातं. मग कॅमेरा लावून वाचवलं काय?

पेटीवर बसलेल्या माणसाची अडचण वेगळीच. पाचातले चार जॉब चांगले निघतात म्हटल्यावर हाताला सवय लागते, ‘कॅमेरा उगाच फेकतो’ असं मन म्हणायला लागतं आणि पाचवा खराब जॉबही हिरव्या ट्रेत जातो. कॅमेऱ्याने पकडलेला दोष माणसाच्या हातून ग्राहकाकडे पोचतो. उरलेलं काम संख्येने कमी असतं, पण आधीच्यापेक्षा अवघड असतं. त्यासाठी जास्त अनुभवी माणूस लागतो आणि त्याला पगारही तसाच हवा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं, कुणीतरी नवा ट्रेनी तिथे बसवला जातो. हे चुकीचं आहे, आणि कंपनीच्या स्वतःच्या हिताच्याही विरुद्ध आहे.

मॉडेलला चांगलं-वाईट शिकवतं कोण? टेबलावरचीच माणसं. हजारो फोटोंवर चौकट काढून ‘हे ब्लो होल’, ‘हा डेंट’, ‘हा नुसता तेलाचा डाग’ असं सांगावं लागतं. ड्रॉइंगवर 0.5 मिलिमीटरपर्यंतचं छिद्र चालेल असं लिहिलेलं असलं, तरी 0.5 च्या आसपासच्या जॉबवर दोन अनुभवी माणसांचं एकमत होत नाही. त्यासाठी एक ठरलेली चाचणी आहे. 50 जॉब, तीन तपासणारे, प्रत्येकाने क्रम बदलून तीनदा बघायचे, एकूण 450 निर्णय. त्यावरून ‘कप्पा’ (kappa) हा सहमतीचा आकडा काढतात. तो 0.75 च्या वर असेल तर तपासणी भरवशाची, 0.40 च्या खाली असेल तर माणसांतच गोंधळ आहे. तो गोंधळ मिटवल्याशिवाय कॅमेरा लावला, तर मॉडेल तोच गोंधळ शिकतं. ही चाचणी आधी करा, असं आम्ही ठामपणे सांगतो. मशीन आणण्याआधीच अर्धी सुधारणा होऊन जाते.

आणि इथेच सगळ्यात मोठा अन्याय घडतो. ज्यांच्या नजरेवर मॉडेल तयार होतं, त्यांच्यातल्या अनेकांना ते फोटो कशासाठी चालले आहेत हे सांगितलं जात नाही.

दृश्य: चुंचाळेतली भाड्याची खोली, दोरीवर वाळणारे युनिफॉर्म. नंतर श्रमिकनगरचा रस्ता.

नोकऱ्या कशा जातात ते बघा. समजा तीन पाळ्या, प्रत्येकीत चार तपासणारे, एकूण बारा. कॅमेरा आल्यावर पाळीला एक जण लाल पेटीवर आणि दिवसाला एक तंत्रज्ञ, म्हणजे चार. आठ जागा गेल्या. कंपनीला एका माणसामागे महिन्याला 20,000 रुपये खर्च येत असेल, तर आठांचे वर्षाला 19 लाख 20 हजार. स्टेशन अठरा लाखांना पडलं तरी वर्षभरात पैसे वसूल. हिशेब मालकाच्या बाजूने सरळ आहे. पण तोच हिशेब एका पाळीत, दोन तपासणाऱ्यांवर, पंधरा प्रकारचे जॉब थोडे थोडे बनवणाऱ्या छोट्या शेडमध्ये मांडून बघा. प्रत्येक जॉबला नवा लाइट, नवे फोटो, जॉब पकडायला नवं फिक्स्चर. तिथे कॅमेरा परवडत नाही. धोका सगळ्यांना सारखा नाही: एकच जॉब लाखांनी बनवणाऱ्या लाइनवर तो सगळ्यात जास्त आहे.

त्या आठ जणांना कुणी ‘एआयमुळे काढलं’ असं म्हणत नाही. ठेकेदाराचं कंत्राट नव्याने होतं तेव्हा संख्या कमी होते. ट्रेनीची मुदत संपते, नवा ट्रेनी येत नाही. पेठ, सुरगाण्याकडून आलेला मुलगा गावी जातो तो परत बोलावलाच जात नाही. त्यामुळे कुठल्याच नोंदीत ही कपात दिसत नाही.

सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारं मशीन, आलं तेव्हाही अशीच भीती होती, हे बरोबर. लेथवरचे टर्नर कमी झाले, पण अनेकजण सेटर आणि प्रोग्रॅमर झाले. तेव्हा टर्नर बहुतांशी कायम कामगार होता, त्याला शिकायला वेळ मिळाला. आजचा तपासणारा ठेक्यावर आहे. त्याला तो वेळ कोण देणार, हा खरा फरक आहे.

तसं बघितलं तर हातांचं काम डोळ्यांच्या कामापेक्षा जास्त टिकतं. पिंपळगाव, मोहाडीच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये बाया घडातला एकेक खराब मणी कात्रीने काढतात, मण्यांवरची पांढरट झाक न पुसता. घडाच्या आतली ती नाजूक कात्री यंत्राला अजून अवघड जाते.

तपासणाऱ्याने काय शिकावं? ड्रॉइंग वाचणं आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पक्के हवेत. मग लाइट. मोबाइलचा कॅमेरा स्थिर ठेवून टॉर्चचा कोन बदलत एकच खरचटा दिसतो कसा आणि नाहीसा होतो कसा, हे घरी करून बघता येतं. पीएलसीचे इनपुट-आउटपुट दिवे बघून सिग्नल कुठे अडला ते ओळखता यायला हवं. एक्सेलमध्ये रोजच्या चुकीच्या रिजेक्शनचा तक्ता ठेवता आला, तर त्या स्टेशनवर तो माणूस बदलणं कंपनीला सोपं राहत नाही. प्रोग्रॅमिंग नंतर आलं तरी चालेल.

दृश्य: कागद. नेमणूक पत्र, पगाराची स्लिप.

शेवटी कायदा. औद्योगिक संबंध संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. यंत्रात किंवा पद्धतीत असा बदल करायचा की ज्याने कामगार कपात होऊ शकते, तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस भरलेल्याला, कपात करताना किमान एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार मिळायला हवा आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. त्याशिवाय पुन्हा कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून शेवटच्या पगाराच्या दराने 15 दिवसांची रक्कम 45 दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची आहे.

ठेक्यावरच्या कामगाराचा मालक कागदावर ठेकेदार असतो, म्हणून हे सगळं मागताना आधी सलग नोकरी सिद्ध करावी लागते. नेमणूक पत्र मागून घ्या. पगाराच्या स्लिपांचे फोटो महिन्याच्या महिन्याला काढून ठेवा. यूएएनचं, म्हणजे पीएफच्या कायम नंबरचं, पासबुक दर तीन महिन्यांनी उघडून पीएफ कोणत्या नावाने भरला जातोय ते बघा. ठेकेदाराचं नाव बदललं, पण गेट पास त्याच कंपनीचा राहिला असेल, तर जुना गेट पास परत देण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो तारखेसह काढून ठेवा.