काजव्याचा रेणू फोडून बघताना

(कोल्हापुरात विज्ञानाचे विद्यार्थी आणि निसर्गप्रेमी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

मे संपत आला, दोन-चार वळीव पडून गेले, की आपल्याकडचं निम्मं शहर रात्री राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा नाहीतर आंबा घाटाच्या बाजूला गाड्या काढतं. काजवे बघायला. जरूर बघावेत, फक्त गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी बंद ठेवून. नर मादीला खुणावत असतो, त्यात आपला झोत पडला की सगळा खेळखंडोबा. दरवर्षी सांगून झालंय, दरवर्षी तेच. असो. आजचा विषय प्रकाशाचाच आहे, पण उलट बाजूनं. जो रेणू काजव्याच्या पोटात प्रकाश देतो त्याच्यावर बाहेरून प्रकाश मारला तर तो कसा तुटतो, आणि असा तोडून नेमकं काय हाती लागतं, ते बघायचंय.

आधी रेणूची ओळख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञानं उजळणाऱ्या जिवांचे दोन अर्क काढले. थंड पाण्यातला अर्क थोडा वेळ उजळून विझला. गरम पाण्यातला उजळलाच नाही. दोन्ही गार झाल्यावर एकत्र केले तर पुन्हा उजेड! म्हणजे एक पदार्थ उष्णता सोसणारा, पण जळून संपणारा; दुसरा उष्णतेनं मरणारा, पण स्वतः न संपता काम करवून घेणारा. पहिला ल्युसिफेरिन, दुसरा ल्युसिफरेज; हे एक प्रथिन, म्हणजे एन्झाइम. ही नावं १८८७ सालची.

पुढं अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम मॅकएल्रॉय यांनी पोरांना पैसे देऊन काजवे गोळा करवले. १९५७ साली त्यांनी आणि बिटलर यांनी शुद्ध ल्युसिफेरिनचे स्फटिक मिळवले. सुमारे १५,००० काजवे खर्ची पडले आणि हातात आलं जेमतेम ९ मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. १९६१ मध्ये रचना कळली, प्रयोगशाळेत रेणू बनवताही आला आणि काजव्यांची सुटका झाली.

काजव्याच्या शेपटीत घडतं ते असं. ल्युसिफेरिनला आधी एटीपीचा एक तुकडा जोडला जातो. हा तोच एटीपी, जो आपल्या स्नायूंना ऊर्जा पुरवतो. मग ऑक्सिजन येऊन बसतो आणि चार अणूंचं एक ताणलेलं कडं तयार होतं. हे कडं टिकत नाही. ते तुटतं, कार्बन डायऑक्साइड निसटतो, आणि मागं राहिलेला ऑक्सिल्युसिफेरिन अतिरिक्त ऊर्जेनं भारलेला असतो. ती ऊर्जा तो प्रकाश म्हणून टाकतो. अमेरिकेतल्या त्या काजव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी ५६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरवा रंग. जाता जाता एक सांगतो. ‘काजव्याचा प्रकाश जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम’ असं अजूनही सर्रास छापलं जातं. १९६० च्या मोजणीत ८८ टक्के आले होते. २००८ मध्ये जपानमध्ये नव्यानं मोजलं तेव्हा ४१ भरले. तरीही आकडा झकास आहे, पण निम्म्याहून अधिक रेणू उजेड न पाडताच शांत होतात हे लक्षात असू द्या.

आता खरा प्रश्न. रेणू तोच, तर रंग वेगवेगळे का? कुणाचा हिरवा, कुणाचा पिवळा, आणि दक्षिण अमेरिकेतल्या फ्रिक्सोथ्रिक्स नावाच्या किड्याच्या डोक्यावर तर लाल दिवा असतो. हे सगळे तेच ल्युसिफेरिन वापरतात. म्हणजे रंग बदलणारं कुणीतरी रेणूच्या भोवती आहे: ल्युसिफरेजची पोकळी, तिच्यातले विद्युतभार, तिथं शिरलेलं पाणी, आम्लता. आणि ही सगळी मंडळी एकाच वेळी हजर. कुणाचा हात किती, हे त्या गर्दीत कसं ठरवणार? द्रावणात प्रयोग केला तरी तेच; तिथं प्रथिन नाही, पण पाण्याचे रेणू चहूबाजूंनी चिकटलेले.

उपाय एकच. रेणू उघडा करायचा, निर्वात पोकळीत एकटा ठेवायचा आणि मग त्याचा मूळ रंग विचारायचा.

रेणू आधी विद्युतभारित करावा लागतो, कारण भार असेल तरच त्याला विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी हाकता येतं. त्यासाठी द्रावण बारीक सुईतून काही हजार व्होल्टखाली फवारतात. थेंब उडतात, द्रावक वाळत जातो, थेंब आक्रसत जातात आणि शेवटी उघडे आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, उरतात. इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात त्याला. यासाठी जॉन फेन यांना २००२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. मग वस्तुमानानुसार निवड. हायड्रोजनच्या अणूचं वस्तुमान साधारण १ धरलं, तर एक प्रोटॉन गमावलेलं ल्युसिफेरिन २७९ वर सापडतं, ऑक्सिल्युसिफेरिन २४९ वर. बाकी सगळं बाहेर.

इथं अडचण येते. एरवी आपण रंग कसा मोजतो? नळीत द्रावण भरायचं, एका बाजूनं प्रकाश सोडायचा, दुसरीकडे किती कमी झाला ते बघायचं. एक मायक्रोमोलर इतक्या पातळ द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्येसुद्धा ६ कोटी गुणिले १ कोटी रेणू असतात, म्हणून ते जमतं. आयन पकडून ठेवणाऱ्या सापळ्यात मात्र ते असतात काही हजार, फार तर काही लाख. त्यांनी गिळलेला प्रकाश लेसरच्या झोतात कुठंच दिसणार नाही.

मग प्रकाश मोजायचाच नाही. तुकडे मोजायचे. आपल्या मार्केट यार्डात व्यापारी गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून आतला रंग बघतो ना, त्यातली ही जरा वेगळी तऱ्हा: इथं आत बघायचं नाही, किती रवे फुटले तेवढं मोजायचं. लेसरचा रंग थोडाथोडा बदलत न्यायचा. ज्या रंगाला आयन सर्वाधिक तुटतात, तो रंग ते सर्वाधिक शोषतात. प्रकाशाचा एक कणही न मोजता शोषणाचा आलेख मिळतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी युक्ती ही आहे.

तिलाही मर्यादा आहे. ५५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, सुमारे २.२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. साधा कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीन लागतात. म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या एका फटक्यात धडधाकट रेणू सहसा तुटत नाही. एकाहून अधिक फोटॉन गिळावे लागतात, आणि मग आलेख वाचताना फार जपावं लागतं.

डेन्मार्कमधल्या आऱ्हूस विद्यापीठाच्या गटानं हेच केलं. त्यांचा ऑक्सिल्युसिफेरिनवरचा शोधनिबंध २०१३ चा. उघड्या आयनाचं शोषणाचं शिखर आलं ५४८ नॅनोमीटरवर, दहा इकडे-तिकडे. मग त्यांनी आयनाला पाण्याचा फक्त एक रेणू चिकटवला. वस्तुमान २४९ अधिक १८, म्हणजे २६७. पाणी अशा आयनाला सैल हातानं धरलेलं असतं, एका फोटॉननं सहज सुटतं. त्यामुळे मोजणी सोपी: २६७ वरून किती आयन २४९ वर उतरले? शिखर जवळजवळ ५० नॅनोमीटरनं निळ्याकडे सरकलेलं निघालं. एका पाण्यानं! आकडेमोडीतून दिसलं की पाणी बसतं ते रेणूच्या एका टोकाच्या ऋणभारित ऑक्सिजनपाशी. गणिती पद्धतींनी सरकण्याची दिशा बरोबर सांगितली, पण नेमका आकडा सगळ्यांनाच हुलकावणी देऊन गेला.

आता उघड्या आयनाचा ५४८ हा आकडा काजव्याच्या ५६० शेजारी ठेवून बघा. शोषण आणि उत्सर्जन एक नव्हे; रेणू जो रंग गिळतो त्याहून थोडा तांबडा सोडतो, त्यामुळे दोन आकडे एकमेकांवर चिकटवायची घाई नको. पण एकट्या रेणूचा कल काजव्याच्याच रंगाच्या बाजूला आहे, आणि एक पाणी त्याला एवढं लांब ढकलतं, एवढं तरी दिसतं. म्हणून माझं मत असं की ल्युसिफरेज रेणूला रंग चढवतं यापेक्षा ते पाण्याला आवरून धरतं, मोजकंच आत येऊ देतं, असं म्हणणं वस्तुस्थितीच्या जास्त जवळ आहे. पोकळीचा आकार किती नाजूक आहे ते जपानी गेंजी काजव्याच्या ल्युसिफरेजवरून कळतं. २००६ मध्ये त्याच्या स्फटिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रथिनातल्या साडेपाचशेच्या आसपास अमिनो आम्लांपैकी २८६ व्या जागेवरचं सेरीन काढून तिथं अस्पॅराजिन बसवलं की पिवळा-हिरवा प्रकाश लाल होतो. पोकळी सैल पडते म्हणून.

आपल्या रोजच्या व्यवहारातही हा रेणू आलाय. दूध आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत टाकी धुतली की नाही हे बघायला पृष्ठभागावरून कापसाचा बोळा फिरवतात आणि ल्युसिफरेजच्या द्रावणात बुडवतात. घाण उरली असेल तर एटीपी असणार, एटीपी असेल तर उजेड पडणार. हे सामान थंडीत आणि अंधारात ठेवायला सांगतात, कारण उजेडात आणि हवेत ल्युसिफेरिन हळूहळू खराब होतं. त्यातून बनणारं डीहायड्रोल्युसिफेरिन नुसतं निकामी नसतं, ते एन्झाइमची जागा अडवून बसतं. म्हणजे बाटली उन्हात राहिली तर घाण असूनही मीटर ‘स्वच्छ’ म्हणेल.

प्रश्नोत्तरांमध्ये एका विद्यार्थिनीनं विचारलं की हे इथं करता येईल का. वस्तुमानमापक (मास स्पेक्ट्रोमीटर) बऱ्याच विद्यापीठांत असतात, पण त्याच्या सापळ्याला खिडकी पाडून रंग बदलणारा लेसर आत सोडायचा, हे अवघड आणि महाग काम आहे. आम्लतेचा प्रयोग मात्र महाविद्यालयातही होईल. ल्युसिफेरिन, ल्युसिफरेज, एटीपी, मॅग्नेशियम, आणि दोन बफर, म्हणजे आम्लता ठरावीक राखणारी द्रावणं: एक पीएच ७.८ चा, दुसरा ६ चा, म्हणजे जास्त आम्ल. पहिल्या नळीत पिवळा-हिरवा, दुसरीत मंद लालसर. दुसरा दिसायला खोली पूर्ण काळोखी हवी आणि डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतील. थंडीच्या दिवसांत करा, कारण उष्णतेनंही रंग तांबड्याकडे झुकतो आणि दोष आम्लतेचा की उकाड्याचा ते कळत नाही. आणि एन्झाइम शेवटपर्यंत बर्फात ठेवा, नाहीतर पैसे पाण्यात.