आधी चित्रं, मग धबधबे

नमस्कार मंडळी,

आइसलँडच्या ट्रिपबद्दल बोल असं आपल्या मंडळाच्या कमिटीने सांगितलं तेव्हा तुम्हाला वाटलं असणार की आता नॉर्दर्न लाइट्सचे फोटो बघायला मिळणार. ते आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरपूर येऊन गेलेत, आणि ब्रिटनमधनं तिकडे जायला तीनेक तासांचं विमान, त्यामुळे हॉलमधले बरेच जण जाऊन आलेत आणि बाकीच्यांचं उन्हाळ्याचं बुकिंग झालंय. तर धबधबे, गीझर, काळी वाळू हे सगळं तुम्ही बघणारच आहात, त्यासाठी माझी गरज नाही. मला बोलायचंय तिथल्या आर्ट गॅलऱ्यांबद्दल, आणि अगदी कळकळीने बोलायचंय, कारण त्या वगळून लोक परत येतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

हा देश केवढा, तर लोकसंख्या चार लाखांच्या आत. आपल्या सांगली-मिरजेत याहून जास्त माणसं राहतात. पण जेमतेम हजार-दोन हजार वस्तीच्या गावात सुद्धा गॅलरी सापडते, कधी जुन्या लायब्ररीत तर कधी बंद पडलेल्या माशांच्या कारखान्यात.

सुरुवात राजधानी रेक्याविकलाच करा, आणि पहिल्याच दिवशी करा. पाऊस पडला तर शेवटच्या दिवशी म्युझियम बघू असं आपण सगळे करतो ना, त्याच्या बरोबर उलट. तिथे क्यारवाल नावाचे चित्रकार होऊन गेले, १८८५ ते १९७२, तरुणपणी मासेमारी करायचे, आणि कोपनहेगनला चित्रकला शिकायला गेले तेव्हा कोळी लोकांनी त्यांना पैशाची मदत केली होती. आज दोन हजार क्रोनाच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे, चित्रकाराचा! त्यांच्या नावाची गॅलरी १९७३ पासून आहे, एका बागेत, बैठी इमारत. तिथे थिंगवेत्लिर नॅशनल पार्कमधल्या लाव्ह्याचं त्यांचं एखादं चित्र लागलेलं असेल तर अगदी जवळ जाऊन बघा. आकाश वरती बोटभर, आणि खाली सगळी जमीन, दगड, भेगा, त्यावरचं शेवाळ. लांबून करडं दिसणारं ते शेवाळ जवळ गेलं की जांभळं, पिवळं, गंजासारखं तांबूस, मधेच थोडंसं निळं. रंगाचे बारीक बारीक ठिपके आणि फटकारे, एकावर एक. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो, मग दुसऱ्या दिवशी गाडीतनं बाहेर बघताना जो लाव्हा मी आदल्या दिवशी एअरपोर्टवरनं येताना नुसता काळा म्हणून बघितला होता त्याच्यात मला हे सगळे रंग दिसायला लागले. बायकोला म्हटलं गाडी थांबव, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभं राहून नुसतं शेवाळ बघत होतो (त्यावर पाय मात्र देऊ नका, एकदा तुडवलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात). ज्या माणसाने आयुष्यभर हीच जमीन बघितली त्याचे डोळे आपल्याला तासाभरासाठी उसने मिळतात, अजून काय पाहिजे?

हॉल्ग्रिम्सकिर्क्या चर्चसमोर फोटो सगळेच काढतात. त्याच्या अगदी समोर आयनार योनसन या शिल्पकाराचं म्युझियम आहे, १९२३ साली उघडलेलं, म्हणजे चर्च बांधायला घेतलं त्याच्याही आधीचं. त्यांनी आपलं सगळं काम देशाला देऊ केलं, अट एकच, ठेवायला घर बांधा. जागा निवडली ती तेव्हा गावाबाहेरची उजाड टेकडी होती. मागच्या बागेत ब्राँझची शिल्पं आहेत, तिथे जायला तिकीट लागत नाही, आणि तरी चर्चपाशी एवढी गर्दी असताना तिथे आम्ही चार-पाचच माणसं होतो.

आता पाणकीचं सांगतो. रेक्याविकला १९०९ साली नळ आले, त्याच्या आधी विहिरीवरनं घरोघरी पाणी पोचवणारे पाणके आणि पाणक्या असायच्या, फार गरीब, फार कष्टाचं जिणं. आउसमुंदुर स्वेनसन या शिल्पकाराने १९३७ च्या सुमारास अशा एका बाईचं शिल्प केलं, दोन हातात दोन बादल्या. ते शहराच्या मध्यवस्तीत बसवायचं ठरलं तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला, हे काय बेढब म्हणून, आणि ते तिथे काही लागलं नाही, थेट २०११ साली मध्यवस्तीत आलं. मी तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला नाथांच्या घरी कावडीने पाणी भरणारा श्रीखंड्या आठवला. आपल्याकडे देवाला पाणी भरायला लावलं, इथे देव वगैरे कोणी नाही, नुसती एक बाई, ओझ्याने जमिनीत रुतल्यासारखी, आणि तीच दगडासारखी भक्कम. सुंदर नाही म्हणून नाकारली होती म्हणे. मला तर त्या शहरात तिच्याइतकं सुंदर दुसरं काही दिसलं नाही. स्वेनसन यांचं घर म्हणजे पांढऱ्या घुमटाची इमारत, तेही आता म्युझियम आहे, आणि क्यारवाल गॅलरीचं तिकीट तिथेही चालतं, शिवाय बंदरावरच्या तिसऱ्या इमारतीतही, फक्त चोवीस तासांत वापरायचं.

आता शहराबाहेर. पश्चिमेला स्टिकिसहोल्मुरमधे टेकाडावरच्या जुन्या लायब्ररीत रोनी हॉर्न या अमेरिकन कलाकार बाईंनी २००७ साली काचेचे चोवीस उंच खांब उभे केले, छतापर्यंत, आणि त्यात आइसलँडच्या वेगवेगळ्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी भरलंय. पुस्तकांच्या जागी पाणी. जमिनीवर हवामानाचं वर्णन करणारे शब्द लिहिलेत. एका खांबातनं बंदर उलटं दिसतं, काहींच्या तळाला गाळ बसलाय. हिमनद्या आटतायत हे आपण बातम्यांत वाचतो आणि पुढे जातो, इथे ते पाणी हाताच्या अंतरावर उभं असतं.

उत्तरेला अकुरेरीजवळ सफ्नासफ्निद म्हणून एक म्युझियम आहे, तिथे आर्ट स्कूलमधे शिकलेले आणि अजिबात न शिकलेले, म्हणजे शेतकरी, आजीबाई, यांची कामं शेजारी शेजारी मांडतात, कोण कोणाच्या वर नाही. ते उन्हाळ्यातच उघडं असतं, तारखा बघून जा. पूर्वेला द्युपिवोगुरच्या धक्क्याजवळ ग्रॅनाइटची चौतीस अंडी एका ओळीत ठेवलीत, त्या भागात घरटी करणाऱ्या चौतीस पक्ष्यांची, सिगुर्दुर गुद्मुंदसन यांचं काम. लहान मुलं असतील तर इथे नक्की थांबा.

आणि सेयदिसफ्योर्दुर. २०२० च्या डिसेंबरमधे इथे दरड कोसळली, घरं वाहून गेली, पण हे गाव वर्षानुवर्षं कलाकारांचं गाव आहे. गावावरच्या चढावर काँक्रीटचे पाच घुमट आहेत, एकमेकांना जोडलेले, लुकास क्यूने या जर्मन कलाकाराने २०१२ साली बांधलेले. आइसलँडच्या जुन्या दोन आवाजी गाण्यातले पाच सूर, प्रत्येक घुमट एका सुराला जोरात घुमतो. माझी बायको गाणं शिकलेली. तिने एकात सा लावला, काही नाही. हळूहळू सूर चढवत गेली आणि एका ठिकाणी अचानक सगळा घुमट बोलायला लागला, माझ्या छातीत ते जाणवत होतं. मग ती शेजारच्यात गेली, तिथे दुसराच सूर. बाहेर धुकं, मेंढ्या, आणि आत आम्ही घुमट बदलत बदलत सूर शोधतोय, खाली उतरायचं नावच नाही.

तर जूनमधे मंडळाची जी ट्रिप जाणार आहे, तिच्या प्लॅनमधे पहिला दिवस शॉपिंगला ठेवलाय. माझी कमिटीला मनापासून विनंती आहे, त्यातली सकाळ क्यारवालसाठी द्या आणि दुपारी पाणकीकडे चालत जाऊया, फार लांब नाही. आणि पूर्वेकडे जाणार असू तर सेयदिसफ्योर्दुरला दोन तास जास्त धरा, आपल्या भजनी मंडळातल्या ताई बरोबर असणार आहेत. गॅलऱ्यांची नावं, वेळा सगळं मी एका कागदावर काढलंय, चहाच्या वेळी माझ्याकडनं घ्या.