शब्दाची जात वाक्याला विचारावी

शिक्षक मित्रहो,

इंग्रजीच्या तासाला शब्दांच्या आठ जाती शिकवताना आपण बहुधा व्याख्येपासून सुरुवात करतो. व्यक्ती, वस्तू, स्थळ किंवा गुण यांच्या नावाला नाम म्हणायचे, क्रिया दाखवणाऱ्या शब्दाला क्रियापद म्हणायचे. मुले हे तोंडपाठ करतात आणि परीक्षेत अधोरेखित शब्दाची जात बिनचूक लिहितात. मग एखादी चौकस मुलगी विचारते, की ‘अरायव्हल’ म्हणजे येणे, आणि येणे ही तर क्रियाच आहे. मग ते क्रियापद का नाही? तिचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या व्याख्येत नाही. ते इंग्रजी वाक्यात आहे. ‘अरायव्हल’च्या आधी ‘द’ किंवा ‘हर’ येते, त्याचे अनेकवचन ‘अरायव्हल्स’ होते, आणि ‘शी अरायव्हल्ड’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून ते नाम. इंग्रजीत शब्दाची जात त्याच्या अर्थावरून ठरवू नये, वाक्यातल्या त्याच्या जागेवरून आणि त्या जागी तो धारण करीत असलेल्या रूपावरून ठरवावी, हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

आठ जातींची ही चौकट मुळात इंग्रजीसाठी घडलेली नव्हती. डायोनिसियस थ्रॅक्स या इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातील वैयाकरणाच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ जाती आहेत. पण त्यांत विशेषण नामातच मोडते आणि धातुसाधिताला मात्र स्वतंत्र स्थान आहे. लॅटिनमध्ये आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखा शब्द) नाही, तेव्हा रोमन वैयाकरणांनी ती जागा केवलप्रयोगी अव्ययाला दिली आणि आठ हा आकडा राखला. पुढे इंग्रजी वैयाकरणांनी विशेषण वेगळे काढले, आणि १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या लिंडली मरे यांच्या व्याकरणात आर्टिकल धरून नऊ जाती झाल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. संस्कृत परंपरेतील यास्काचे नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यये) हे चार वर्ग किंवा पाणिनीची सुबन्त (नामाची रूपे) आणि तिङन्त (क्रियापदाची रूपे) ही विभागणी मागे राहिली. दादोबांचे काम थोर आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु परिणाम असा झाला, की मराठीच्या तासाला आणि इंग्रजीच्या तासाला मुलांना जवळजवळ सारखेच कप्पे दिसतात, आणि एका भाषेतला कप्पा दुसऱ्या भाषेतल्या कप्प्याशी तंतोतंत जुळतो असे त्यांना वाटू लागते. तो जुळत नाही, आणि मुलांच्या पुष्कळ चुका येथेच उगम पावतात.

‘राउंड’ हा एकच शब्द पाहा. ‘अ राउंड टेबल’मध्ये तो विशेषण आहे, ‘द सेकंड राउंड’मध्ये नाम, ‘दे राउंडेड द कॉर्नर’मध्ये क्रियापद, ‘राउंड द कॉर्नर’मध्ये प्रिपोझिशन, आणि ‘शी टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण. शब्द तोच, जागा बदलली की जात बदलते. म्हणून ‘राउंड कोणत्या जातीचा?’ हा सुटा प्रश्न प्रश्नपत्रिकेत विचारणेच मला अयोग्य वाटते. वाक्य दिल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. मुलांना हे पटवायचे असेल तर फळ्यावर निरर्थक शब्दांचे एक वाक्य लिहावे: ‘द ब्लोमी ड्रेंट ग्रिफ्ड टू झॉबर्स.’ यातल्या एकाही मुख्य शब्दाला अर्थ नाही, तरीही ‘ड्रेंट’ हे नाम आहे, ‘ब्लोमी’ हे त्याचे विशेषण आहे, ‘ग्रिफ्ड’ हे भूतकाळी क्रियापद आहे आणि ‘झॉबर्स’ हे अनेकवचनी नाम आहे, हे सहावीतली मुलेसुद्धा सांगू शकतात. ती अर्थाच्या आधाराने सांगत नाहीत; ‘द’नंतरची जागा, ‘टू’ ही संख्या आणि शेवटचे प्रत्यय यांच्या आधाराने सांगतात.

आता मराठी मुलाची खरी अडचण पाहू. मराठीत आपण ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’, ‘ते चांगले गातात’ असे म्हणतो. येथे ‘चांगला’ सांगतो गाण्याविषयी, पण त्याचे लिंग आणि वचन फिरते गाणाऱ्याप्रमाणे; दिसायला ते विशेषणच राहते. हीच सवय घेऊन मूल ‘शी सिंग्ज गुड’ लिहिते. आपण ते खोडून ‘वेल’ लिहितो आणि क्रियापदाजवळ क्रियाविशेषणच यायला हवे असा नियम सांगतो. मग तेच मूल ‘द फ्लॉवर स्मेल्स स्वीटली’ लिहून मोकळे होते. नियम अर्धा सांगितला, त्याचे हे फळ. ‘स्मेल्स’च्या जागी ‘इज’ ठेवून पाहायला सांगावे. ‘द फ्लॉवर इज स्वीट’ चालते, म्हणजे ‘स्वीट’ हे फुलाविषयी बोलते आणि तेथे विशेषणच हवे. ‘शी सिंग्ज’मध्ये तसा ‘इज’ ठेवला तर गाण्याचा अर्थच हरवतो.

शब्दयोगी अव्यय म्हणजे प्रिपोझिशन, हे समीकरण तर आपण ताबडतोब सोडून द्यावे असे माझे मत आहे. मराठीत ‘घरात’मधला ‘त’ हा विभक्तिप्रत्यय आणि ‘घरावर’मधला ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय. दोन्ही नामाच्या सामान्यरूपाला मागून चिकटतात. इंग्रजीत मात्र ही दोन्ही कामे नामाच्या आधी सुटे राहणारे प्रिपोझिशनच करते. शिवाय मराठीत ‘त्याविषयी चर्चा केली’, ‘डॉक्टरशी लग्न केले’ असे म्हणावे लागते, म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट द बजेट’ आणि ‘मॅरीड विथ अ डॉक्टर’ अशी वाक्ये शिकलेल्या माणसांच्याही लेखणीतून उतरतात. मराठीतले ‘चर्चा’ आणि ‘लग्न’ ही नामे आहेत, त्यांना ‘करणे’ जोडून आपण क्रियापदाचे काम घेतो. इंग्रजीतली ‘डिस्कस’ आणि ‘मॅरी’ ही मात्र कर्म थेट घेणारी सकर्मक क्रियापदे आहेत. ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’ असे नाम वापरले, तर तेथे ‘अबाउट’ अगदी बरोबर आहे. जात ओळखता आली, की कोठे काय लागते हे आपोआप कळते.

जातीच्या ज्ञानाचा असा प्रत्यक्ष उपयोग दिसला नाही, तर मुलांना हा धडा निव्वळ पाठांतराचा वाटणारच. नोकरीसाठी पत्र लिहिणारा तरुण शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टु मीट यू’ लिहितो. येथील ‘टु’ कोणता? त्याच्यापुढे एक नाम ठेवून पाहावे: ‘आय लुक फॉरवर्ड टु द इंटरव्ह्यू’ बरोबर आहे, ‘आय वॉन्ट टु द इंटरव्ह्यू’ चालत नाही. म्हणजे पहिला ‘टु’ प्रिपोझिशन आहे, त्याच्यापुढे नामाची जागा आहे, आणि तेथे ‘मीटिंग यू’च हवे. ‘आय यूज्ड टु लिव्ह इन सातारा’ आणि ‘आय अ‍ॅम यूज्ड टु लिव्हिंग इन सातारा’ या दोन वाक्यांतला फरकही याच कसोटीने उलगडतो.

उच्चारातही जात दडलेली असते आणि देवनागरी ती दाखवीत नाही. ‘परमिट’ हे नाम असेल तर आघात शब्दाच्या पहिल्या अवयवावर (उच्चारखंडावर) असतो, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. केवलप्रयोगी अव्ययासाठी मात्र स्वतंत्र तास घालवण्याची गरज मला वाटत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्या वयात जातींची नावे देण्याची घाई नको. वाक्ये भरपूर ऐकवावीत, बोलवून घ्यावीत, आणि नावे पाचवी-सहावीत द्यावीत. नावे दिल्यावर शब्दकोश वर्गात आणावा आणि एकेक नोंद पूर्ण वाचून घ्यावी. सुरुवातीला ‘बट’ हा शब्द घेता येईल. मुले त्याला उभयान्वयी अव्यय म्हणून ओळखतात. ‘एव्हरीवन बट हिम’मध्ये तो प्रिपोझिशन आहे, ‘ही इज बट अ चाइल्ड’मध्ये क्रियाविशेषण आहे, आणि ‘नो बट्स’मध्ये चक्क अनेकवचनी नाम झाला आहे. प्रत्येक वाक्यात तो तसा का ठरला, हे मुलांनी आपल्या शब्दांत वहीत लिहावे, आणि गुण द्यायचे असतील तर ते त्या कारणाला द्यावेत.