केन डॉड : हशांची वही ठेवणारा विनोदवीर

नमस्कार मंडळी.

भारतातून पाहुणे आले की त्यांना लिव्हरपूलमध्ये दोनच गोष्टी बघायच्या असतात, बीटल्स आणि फुटबॉल. आपणही त्यांना हौसेने कॅव्हर्न क्लबला नेतो, ॲनफील्डच्या फाटकापाशी फोटो काढतो. पण लाइम स्ट्रीट स्टेशनात ज्याच्या पुतळ्याशेजारून आपण सगळे घाईघाईने जातो, त्या माणसाबद्दल आपण त्यांना काहीच सांगत नाही. दोन पुतळे आहेत तिथे, समोरासमोर. एक बेसी ब्रॅडक या खासदारबाईंचा, त्यांच्या हातात अंडं आहे. दुसरा विस्कटलेल्या केसांच्या माणसाचा, हातात पिसांचा झाडू. त्या झाडूला ते स्वतः ‘टिकलिंग स्टिक’ म्हणत, म्हणजे गुदगुल्या करायची काठी. हे सर केन डॉड. आज त्यांच्याबद्दल बोलायचं मी ठरवलं आहे, कारण आपण ज्या भागात राहतो तिथली माणसं कशी हसतात हे त्यांच्याइतकं बारकाईने कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

8 नोव्हेंबर 1927 रोजी नॉटी ॲशमध्ये त्यांचा जन्म झाला. नॉटी ॲश हे लिव्हरपूलचं उपनगर. खरंखुरं, नकाशावरचं. हे मुद्दाम सांगतो, कारण डॉडनी त्या गावाच्या इतक्या थापा मारल्या, तिथे जॅम-सँडविचच्या खाणी आहेत आणि त्यांत ‘डिडीमेन’ नावाची बुटकी माणसं राबतात असं इतकी वर्षं सांगितलं, की बाकीच्या इंग्लंडातल्या कित्येकांना ते गावही बनावटच वाटायचं. वडील कोळशाचे व्यापारी, वाद्य वाजवणारे, हौशी. सातव्या वर्षी मित्रांनी पैज लावली म्हणून केनने डोळे मिटून सायकल चालवली, आपटला, आणि पुढचे दात कायमचे पुढे आले. त्याच दातांवर पुढे त्याने सत्तर वर्षं हशे मिळवले. लहानपणी एका साप्ताहिकात जाहिरात वाचली: बोलक्या बाहुल्यांचा खेळ शिका, मास्तरांना चकवा. त्याने सहा पेन्यांची तिकिटं पाठवून पुस्तिका मागवली. वडिलांनी बाहुला आणून दिला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि कोळशाच्या गाडीवरचं काम सुरू झालं. पुढे स्वतःची गाडी घेऊन दारोदार घरसामान विकायचं आणि संध्याकाळी क्लबांमध्ये कार्यक्रम करायचे, असं बरीच वर्षं चाललं.

धंदेवाईक रंगमंचावर ते आले सप्टेंबर 1954 मध्ये, नॉटिंगहॅमच्या एम्पायर थिएटरात. वय सव्वीस. तेव्हाच्या ‘व्हरायटी’ची रीत अशी: एका रात्रीत दोन खेळ. गाणारे, कसरतवाले, जादूगार, विनोदवीर, सगळ्यांच्या वाट्याला मोजकी मिनिटं. मागे पुढच्या कलाकाराचं सामान लागत असताना विनोदवीराने पुढच्या पडद्यासमोर एकट्याने उभं राहायचं आणि प्रेक्षक धरून ठेवायचे. हातात काही नाही, मागे काही नाही. या शाळेत ते तयार झाले. आणि नेमकी तेव्हाच ती शाळा बंद पडायला लागली होती. 1955 मध्ये आयटीव्ही ही खाजगी टीव्ही वाहिनी सुरू झाली, लोक घरी बसून करमणूक बघू लागले, गावोगावची एम्पायर थिएटरं एकेक करून बंद झाली, पाडली गेली. डॉड दूरदर्शनवर आणि रेडिओवर भरपूर गाजले, पण रंगमंच त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डॉड प्रत्येक प्रयोगानंतर वहीत नोंदी करायचे. आज कुठला विनोद चालला, कुठला पडला, कुठल्या गावात, कसल्या प्रेक्षकांत. एका गावात टाळी घेणारं वाक्य तीस मैलांवर का पडतं, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. त्यातून त्यांनी इंग्लंडचा एक हशांचा नकाशाच तयार केला, त्याला ते ‘गिगल मॅप’ म्हणायचे. मिनिटाला किती हशे पडले याचंही त्यांचं माप होतं. साडेतीन तासांत दीड हजार विनोद सांगण्याचा विक्रम त्यांनी केला होता. हिशोब केला तर मिनिटाला सात विनोद होतात. आपल्यापैकी जे एकांकिकांमध्ये काम करतात त्यांना यातली दमछाक मी सांगायला नको.

फ्रॉइड, बर्गसाँ, शोपेनहॉवर या विचारवंतांनी हसण्याबद्दल काय लिहिलं आहे तेही त्यांनी वाचून काढलं होतं. फ्रॉइडचं म्हणणं, साठलेली मानसिक शक्ती हसण्यातून मोकळी होते. त्यावर डॉडचं उत्तर प्रसिद्ध आहे: फ्रॉइडला ग्लासगो एम्पायरमध्ये रात्रीचा दुसरा खेळ कधी करावा लागला नाही, ही त्याची अडचण. ग्लासगो एम्पायर हे स्कॉटलंडमधलं थिएटर इंग्लिश विनोदवीरांचं स्मशान समजलं जायचं. शुक्रवारी-शनिवारी रात्री पिऊन आलेला प्रेक्षक दक्षिणेकडून आलेल्या माणसाला उभंसुद्धा राहू द्यायचा नाही. या एका वाक्यात मला दोन्ही बाजूंचा आदर दिसतो. पुस्तक वाचायचंच, पण शेवटी समोरच्या माणसाला विचारायचं.

त्यांचं विनोदाचं तंत्र जवळून बघण्यासारखं आहे. सुरुवातीचं त्यांचं ठरलेलं वाक्य असे, ‘काय सुंदर दिवस आहे!’ यात हसण्यासारखं काही नाही. मग लगेच, ‘शेजाऱ्याच्या दाराच्या टपालफटीतून काकडी आत सरकवावी आणि ओरडावं, मंगळावरचे लोक आले हो!’ पहिलं वाक्य कुणीही कुणालाही म्हणेल असं. ते ऐकताना माणूस बेसावध होतो. मग तीन गोष्टी झटपट येतात: फट, काकडी आणि मंगळ. तिन्ही डोळ्यांसमोर दिसतात, आणि कुणाचाही अपमान होत नाही. विचार करायला वेळ मिळायच्या आत पुढचा विनोद आलेला असतो. त्यांचे सगळेच विनोद असे निर्मळ होते असं मी म्हणणार नाही. बायका, सासवा, जाडी माणसं यांच्यावरची जुनी वाक्यं होतीच, आणि आज ती ऐकताना मला खटकतात. 1979 मध्ये लंडनला कॉमेडी स्टोअर हा विनोदवीरांचा क्लब सुरू झाला, नव्या दमाच्या मुलांनी असल्या विनोदांविरुद्ध बंडच केलं, आणि ते बंड योग्य होतं. तरी त्या लाटेत डॉड वाहून गेले नाहीत. त्यांच्या विनोदाचं बळ त्या काकडीत होतं.

1965 हे त्यांचं वर्ष. लंडनच्या पॅलेडियम थिएटरात सलग 42 आठवडे प्रयोग झाले. त्याच वर्षी त्यांचं ‘टिअर्स’ हे गाणं पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि ब्रिटनमध्ये त्या वर्षीची सर्वांत जास्त खपलेली तबकडी ठरली. बीटल्स ऐन भरात असताना! कॅव्हर्न क्लब दाखवताना पाहुण्यांना हे जरूर सांगा. नाटककार जॉन ऑसबोर्न यांनी रॉयल कोर्ट थिएटरच्या नटांना मुद्दाम पॅलेडियमला नेलं, ते डॉडना बघायला.

मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते साउथपोर्टला, त्यांनी ऐंशी ओलांडल्यानंतर. आजूबाजूला लोक थर्मास आणि डबे घेऊन बसलेले. आपल्याकडे रात्रभराच्या संगीत मैफलीला लोक जसे तयारीने जातात तसे. सात वाजता सुरू झालेला प्रयोग मध्यरात्र ओलांडेल हे सगळ्यांना माहीत होतं. मधूनच ते विचारायचे, ‘काय, हरलात का?’ आणि सगळं थिएटर ओरडायचं, ‘नाही!’ उत्तरार्धात डिकी मिंट नावाचा बाहुला मांडीवर घेऊन बसले. लहानपणी शिकलेली कला. ओठ थोडे हलत होते. कुणालाही त्याचं काही नव्हतं. त्या बाहुल्याला त्यांनी काही विचारलं आणि तो उत्तर देईपर्यंतचा जो क्षणभराचा विराम घेतला, त्यात माझ्या शेजारच्या आजीबाई पुढे वाकून कान देऊन ऐकत होत्या. बाहुल्याचं उत्तर ऐकायला!

1989 चा खटला मी टाळणार नाही. कर चुकवल्याचा आरोप होता. लिव्हरपूलच्या न्यायालयात पाच आठवडे सुनावणी चालली. घरात 3 लाख 36 हजार पौंड रोख ठेवलेले होते, हे तिथे बाहेर आलं. एक लाख पौंडांची सूटकेस हातात कशी लागते, या प्रश्नावर ते म्हणाले, ‘नोटा फार हलक्या असतात, महाराज.’ त्यांचे वकील जॉर्ज कारमन यांनी ज्युरींना सांगितलं की काही हिशेबनीस विनोदवीर असतात, पण विनोदवीर कधीच हिशेबनीस नसतात. ज्युरींनी त्यांना निर्दोष ठरवलं. पण त्यांचं खाजगी आयुष्य वर्तमानपत्रांत उघडं पडलं, ते पडलंच. एवढा पैसा असून हा माणूस जन्मला त्याच घरात राहत होता. दारोदार सामान विकणाऱ्याला पैसा हाताला लागला की तो सोडवत नाही, असं मला त्यात दिसतं. मग त्यांनी करखात्यावरचे विनोद प्रयोगात घेतले, आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले.

1994 मध्ये आयटीव्हीने त्यांचा खास कार्यक्रम केला आणि एक नवी पिढी त्यांना ओळखू लागली. 2017 मध्ये ‘सर’ झाले. नव्वदी झाली तरी दौरे चालूच. शेवटचा प्रयोग 28 डिसेंबर 2017 चा, लिव्हरपूलमध्येच. मग छातीच्या विकाराने रुग्णालयात सहा आठवडे काढले. घरी आले, चाळीस वर्षं सोबत राहिलेल्या ॲन जोन्स यांच्याशी 9 मार्च 2018 रोजी लग्न केलं, आणि 11 मार्चला गेले, नॉटी ॲशच्या त्याच घरात. ॲनबाई त्यांच्या प्रयोगांत गायच्या, वाजवायच्या, दौऱ्यांची व्यवस्था बघायच्या. अंत्ययात्रेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, आणि अनेकांच्या हातांत टिकलिंग स्टिक होत्या.

पुढच्या मेळाव्यात आपली तरुण मुलं-मुली विनोदी कार्यक्रम करणार आहेत, काही मराठीत, काही इंग्रजीत. त्यांच्यासाठी मंडळाने एक वही घेतली आहे, ती आज मी चिटणीसांच्या हवाली करतो. प्रत्येकाने आपलं झालं की त्याच रात्री लिहायचं: कुठे हसले, कुठे नाही, कोण हसलं, आजीआजोबा की शाळकरी मुलं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला की नाही. तालमी पहिल्या रविवारपासून, चार वाजता. वेळेवर या.