सोनेगावचा फुगा आणि ऑक्टोबरचे सात दिवस

[दृश्य : प्रादेशिक हवामान केंद्राचं आवार, सोनेगाव, नागपूर. सायंकाळचे पाच वाजत आलेत.]

फुग्यात हायड्रोजन भरला जातोय. ठिणगी उडेल असं काहीही इथे चालत नाही. लॅटेक्सचा हा पांढरा फुगा सुटताना जेमतेम माणसाच्या उंचीचा दिसतो. वर जाईल तसा बाहेरचा दाब कमी होतो, फुगा ताणत जातो आणि साधारण तीस किलोमीटरवर फुटतो. तोवर त्याच्याखाली लोंबणारी ही हलकी पेटी, रेडिओसाँड, तापमान, आर्द्रता आणि दाब मोजून खाली कळवत राहते. ती कुठे वाहत गेली हे जीपीएसवरून कळतं, आणि त्यावरून त्या-त्या उंचीवरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा.

असे फुगे जगभरातून एकाच सुमारास सुटतात. ग्रीनिचची मध्यरात्र आणि ग्रीनिचची दुपार, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच. प्रत्यक्षात सोडतात थोडं आधी. पहाटेचा फुगा अंधारात जातो, कॅमेऱ्याला काही सापडत नाही. म्हणून हा सायंकाळचा.

[फुगा सुटतो. धावपट्टीच्या बाजूने वर. दहा सेकंद निवेदन नाही.]

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात या फुग्याचं मोल वाढतं. 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मान्सून राजस्थानातून मागे फिरतो तो साधारण 17 सप्टेंबरला, आणि 15 ऑक्टोबरपर्यंत देश सोडतो. विदर्भाची पाळी या दोन तारखांच्या मध्ये. पण पाऊस थांबला म्हणून मान्सून गेला, असं हवामान खातं मानत नाही. पाच दिवस कोरडे जावे लागतात आणि हवेतला ओलावा घटावा लागतो. अंगणात ऊन कडक असलं तरी दोन-तीन किलोमीटर वर दमट हवा ठाण मांडून बसलेली असू शकते. उपग्रहाच्या चित्रात ती दिसते. नेमकी कोणत्या थरात किती, ते फुगा सांगतो.

[दृश्य : पांढरी जाळीदार लाकडी पेटी, तिचं दार उघडताना.]

ही स्टीव्हन्सन पेटी. दार उत्तरेला, म्हणजे ऊन थेट आत जात नाही. कमाल, किमान, कोरडा आणि ओल्या कापडातला असे चार तापमापक. ऑक्टोबरात कमाल पारा 32-33 च्या आसपास रेंगाळतो, आणि महिनाअखेर पहाटेचा आकडा विशीखाली उतरायला लागतो. फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्यांना तो आधीच कळलेला असतो म्हणा.

[दृश्य : रडारचा पांढरा घुमट. मग नकाशा.]

या दिवसांत नागपूरच्या आभाळावर दोघांचा हक्क असतो. वायव्येकडून कोरडा वारा खाली सरकतो आणि पूर्वेला बंगालचा उपसागर अजून तापलेला असतो. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, आंध्र किंवा ओडिशाचा किनारा ओलांडून छत्तीसगड, तेलंगणाकडे वळलं, की इथला कोरडा अंदाज एका दिवसात फिरतो. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस 'मोंथा' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि त्याच्या अवशेषांनी पूर्व विदर्भात पाऊस आणला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. भिवापूरच्या शेतकऱ्याला त्या अंतराचा काय उपयोग?

फुगे, उपग्रह, रडार, जहाजं, विमानं यांचे आकडे महासंगणकात जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या संगणकाचं नाव 'अर्क'. 2025 च्या मे महिन्यापासून भारताचं स्वतःचं प्रारूप, म्हणजे हवेचं संगणकीय गणित, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज काढतं. आधी ती चौकट बारा किलोमीटरची होती. म्हणजे अख्ख्या तालुक्याऐवजी आता मोजक्या गावांपर्यंत नजर जाते. तरीही वेगवेगळी प्रारूपं वेगवेगळं बोलतात, आणि कुणाचं किती ऐकायचं हे इथे टेबलाशी बसलेला माणूस ठरवतो. आम्हाला या सगळ्यात तो माणूसच महत्त्वाचा वाटतो.

तयार होतो तो हा नकाशा. विदर्भाचे अकरा जिल्हे, चार रंग. हिरव्याला इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. त्याखाली 'तुरळक ठिकाणी पाऊस' असं लिहिलेलं असेल तर पावसाची नोंद होणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव भागात तो अपेक्षित असतो. कळमेश्वरात पडला आणि काटोलात नाही, म्हणून अंदाज चुकला असं होत नाही.

[दृश्य : कळमेश्वर तालुका. सोयाबीनची गंजी, तिच्यावर ताडपत्री ओढणारे हात. निवेदन नाही.]

सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी, झाली आहे, मळणी व्हायची आहे. या अवस्थेत दोन दिवस पाऊस लागला तर शेंगेतच दाणा अंकुरतो.

[दृश्य : मौदा, बांधीत पसरलेल्या धानाच्या कडपा. काटोल, संत्र्याची बाग. फुटलेली कपाशी.]

हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाची कापणी सुरू आहे, कापून पसरलेल्या कडपा वाळताहेत. आंबिया बहाराची संत्री रंगावर येताहेत, सततच्या ओलीने फळगळ वाढते. कपाशीचं पहिलं वेचणं तोंडावर आहे, काही घरांत सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झालं. भिजलेला कापूस पिवळा पडतो आणि भाव उतरतो. नुकसान, पंचनामा, विमा, हे पुढचं.

[दृश्य : दीक्षाभूमी, दसऱ्याची तयारी. मंडपाचे खांब.]

आणि याच दिवसांत दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्यातले कितीतरी उघड्यावर मुक्काम करतात. त्यांनाही हाच नकाशा.

आकाशातून आकडा आणायची व्यवस्था दरवर्षी चांगली होतेय. तो आकडा शेतकऱ्याच्या भाषेत सांगणारी 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं मात्र 2024 मध्ये देशभर बंद झाली. उद्या कापू की परवा, हे विचारायला जवळचं माणूस हवं होतं.

[दृश्य : मोबाइलवर शेतीच्या हवामान सल्ल्याचं 'मेघदूत' ॲप.]

सात दिवसांच्या अंदाजातले पहिले तीन दिवस भरवशाचे. पाचव्यानंतर पकड सैल होते, त्यामुळे सातव्या दिवसाच्या उन्हावर मजूर सांगून ठेवू नयेत. दर गुरुवारी चार आठवड्यांचा कल येतो, तो पाण्याच्या नियोजनाला ठीक. सवंगणीसाठी मंगळवार आणि शुक्रवारची कृषी सल्ला पत्रिका बघा, आणि रोज बदलणारा जिल्ह्याचा इशारा. वीज कडाडण्याची शक्यता असेल तर 'दामिनी' ॲप वेगळं आहे.